ओझेलाबाईंची तीन मिनिटं

माउंट नेबो चर्चमध्ये बोलणाऱ्याला एकट्याला बोलू देणं म्हणजे पाप समजतात. रेव्हरंड आयसम टकर प्रवचनाला उभे राहिले, की त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत समोरून "आमेन" येतं. दुसऱ्या वाक्याला "सांगा, सांगा!" येतं. आणि सूर चढून बोलणं गाण्यात शिरलं, की कीर्तनात टाळकऱ्यांनी धृपद उचलावं तसं सगळं चर्च ते वाक्य खांद्यावर घेतं. बोलणाऱ्याचा घसा एकच, पण त्याला शंभर घशांची ओल असते. एखाद्या रविवारी प्रवचन रंगत नाही, रेव्हरंड अंधारात पायरी शोधावी तसे चाचपडायला लागतात. तेव्हासुद्धा लोक गप्प बसत नाहीत. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हातारी हलकेच म्हणते, "सांभाळ रे देवा त्याला." त्या देवाच्या घरात शांततेचा अर्थ एकच. तू पडलास बाबा, बस खाली.

ओझेला पिंकनी याच चर्चच्या बाकांवर एकाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यामुळे सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी कोपर्सविलच्या शाळा बोर्डापुढे त्या बोलायला उभ्या राहिल्या, आणि पाठीमागून चर्चचे कारभारी डीकन रूबेन गॅड्सन यांनी छातीतून "आमेन!" काढला, तेव्हा त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट हुरूप आला.

विषय शाळेच्या बसचा होता. सायप्रस बॉटम ही वस्ती रुळांच्या पलीकडे, शाळा अलीकडे, आणि मधे रेल्वे फाटक. गेली दोन-तीन वर्षं लांबलचक मालगाड्या त्या फाटकावरच येऊन उभ्या राहायच्या, कधी वीस मिनिटं तर कधी दीड तास. बस अडकायची, अख्ख्या मार्गावरच्या पोरांची पहिली घंटा चुकायची. म्हणून ऑगस्टपासून बोर्डानं थांबा अलीकडे आणला. बॉटमच्या पोरांनी फाटक पायी ओलांडून यावं, दोनशे पावलांचा तर प्रश्न! तूर्तास प्रयोग, ऑक्टोबरात मतदान, मग कायमचं.

ओझेलाबाईंनी एकतीस वर्षं चौदा नंबरची बस चालवली होती. बोर्डाला सांगण्यासारखं त्यांच्यापाशी पुष्कळ होतं, आणि त्यात एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती. ती त्यांनी शेवटासाठी राखून ठेवली होती. आधी बसचं वर्णन केलं, मग पोरांचं, मग फाटकाचं. "आमेन" वाढत गेले, सूर चढत गेला, आणि त्या गोष्टीच्या उंबऱ्यावर त्यांचं पाऊल पडतंय तोच तीन मिनिटं संपल्याचा लाल दिवा लागला.

"तुमची वेळ संपली," अध्यक्ष वेंडल हार्गेट म्हणाले. "आणि श्रोत्यांनी कृपया..."

"अरे, अजून मुद्द्यावर आलेच कुठे मी!"

"सांगा, मिस ओझेला, सांगा!" मागून तीन रांगा उसळल्या.

अध्यक्षांची हातोडी पडली. एकदा, चारदा, सातदा. ओझेलाबाई बोलतच राहिल्या. चर्चमध्ये गलका वाढला की बोलणारा थांबत नाही, वर चढतो. शेवटी दारावरच्या पोलीस डेप्युटीनं येऊन अदबीनं त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्यांना दाराबाहेर नेलं. चार दिवसांनी पत्र आलं. सभेत व्यत्यय आणल्याबद्दल एक वर्ष सभागृहात पाऊल ठेवायचं नाही.

बोर्डाची माणसं काही राक्षस नव्हेत, हेही सांगायला हवं. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या सभांमध्ये भलतीच माणसं भलत्याच विषयांवर घसा फाडून गेली होती. एकानं पाण्याची बाटली भिरकावली होती. तेव्हापासून नियम कडक झाले. तीन मिनिटं, त्यापलीकडे एक अक्षर नाही. टाळ्या नाहीत, फलक नाहीत, श्रोत्यांतून आवाज नाही. विम्याचं दुकान चालवणाऱ्या वेंडल हार्गेटांना वर्षभर रात्री झोप नव्हती. त्यांच्या कानाला शिवी आणि आमेन यांतला फरक कळेनासा झाला होता.

पण ते पत्र ओझेलाबाईंना लागलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर मिठाच्या डबीखाली ते पडून राहिलं. त्यांच्या नातीची मुलगी झारिया, वय वर्षं सात, समोर बसून मक्याचा पाव कुस्करत होती.

"पणजी, तू शाळेत वाईट वागलीस?"

"त्यांच्या मते."

"मग तुला कोपऱ्यात उभं केलं?"

"वर्षभर."

झारियानं विचार केला. "तू माझी गोष्ट सांगितलीस का त्यांना?"

ओझेलाबाई उठल्या आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला लागल्या. सांगायचं राहिलं होतं तेच तर होतं. मी रंगात आले आणि निरोप द्यायचा विसरले. देवाघरी याला काय म्हणत असतील?

रेव्हरंड टकरांची भाची जिल्ह्याच्या गावी वकील होती. तिनं बोर्डाला दीड पानाचं पत्र धाडलं. वेळ ठरवा, गोंधळ थांबवा, तो तुमचा अधिकार. पण एकदा सूर चढला म्हणून माणसाचं तोंड वर्षभर शिवायचं, आणि तेही मतदान तोंडावर असताना, हा अधिकार या देशात तुम्हाला कोणी दिलेला नाही. बोर्डाच्या स्वतःच्या वकिलानं ते वाचलं, चष्मा काढला, आणि बंदी उठवायचा सल्ला दिला. बंदी उठली, पण एक अट आली. श्रोत्यांतून एक जरी आवाज निघाला तरी सभागृह रिकामं केलं जाईल आणि मतदान बंद दाराआड होईल.

म्हणजे आता सगळं ओझेलाबाईंवर नव्हतंच. सगळं होतं माउंट नेबोच्या घशावर.

बुधवारच्या प्रार्थनेला रेव्हरंडांनी बायबलातल्या गोष्टीवरून विषय काढला. "मंडळी, यरीहोची भिंत कशानं पडली?"

"ओरडण्यानं!"

"हेच सगळ्यांना आठवतं. पण ओरडायच्या आधी सहा दिवस ती माणसं भिंतीभोवती मुक्यानं फिरली. तोंडातून ब्र काढायचा नाही, असा हुकूम होता. सहा दिवस! तोही देवाचाच हुकूम होता. गप्प बसणं हीसुद्धा सेवाच आहे."

"आमेन!" डीकन गॅड्सन गरजले.

चर्चभर हसू फुटलं.

"डीकन!"

"जीभ आपोआप जाते हो, रेव्हरंड. साठ वर्षांची सवय. तुम्ही इतकं चांगलं बोलू नका ना."

"पुन्हा करू. सिस्टर पिंकनी, या पुढे. काहीतरी बोला. आणि तुम्ही सगळे गप्प."

ओझेलाबाई पुढे आल्या. दोन वाक्यं झाली. तिसऱ्याला उजवीकडून "हं!" आलं, चौथ्याला डावीकडून "बरोबर आहे!", आणि पाचव्याला डीकननी दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी बोटांच्या फटीतून "मेन" बाहेर आलाच.

"तुम्ही घरीच राहा, रूबेन," त्यांच्या बायकोनं जाहीर केलं.

"मी घरी? चौदा नंबरनं माझी पाच पोरं शाळेत नेली. मी घरी राहू?"

तेव्हा ओझेलाबाईंना आठवलं. त्यांनी काही न बोलता उजवा हात वर केला, तळवा पुढे, बोटं जुळलेली.

चर्च क्षणात चिडीचूप झालं. तिथल्या निम्म्या माणसांनी लहानपणी हा हात रोज दोनदा पाहिला होता. फाटक आलं की शाळेची बस थांबते, मग रुळांवर गाडी असो वा नसो. ड्रायव्हर पंखा बंद करतो, दार उघडतो, आणि कान देतो. ओझेलाबाईंच्या बसमध्ये हात वर गेला की चाळीस पोरांचा श्वाससुद्धा थांबायचा. हात खाली आला की मग पुन्हा कोलाहल.

"असं," ओझेलाबाई म्हणाल्या. "असं बसायचं."

"पण तिथं तुम्ही सतत हात वर धरून कसं बोलणार?" कोणीतरी विचारलं.

त्यावर तोडगा चर्चमधल्या थोरल्या बायकांनी काढला. त्यांच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या कायम असतात. लांब प्रवचनात चुळबुळणाऱ्या पोरांचं तोंड त्या गोळीनंच बंद होतं. प्रत्येकानं सभेत एक गोळी तोंडात धरायची. चावायची नाही, बोलायचं नाही. डीकन गॅड्सनना दोन.

ऑक्टोबरातल्या सभेला माउंट नेबोच्या तीन रांगा भरल्या होत्या, झारियासकट. आत शिरताना गोळ्यांचे कागद उलगडल्याची इतकी चरचर झाली की वेंडल हार्गेटांनी दचकून मान वर केली. तिन्ही रांगांचे गाल फुगलेले. सगळ्यांच्या माना ताठ. त्यांना काही कळेना. त्यांनी नियम वाचून दाखवले, अट वाचून दाखवली, आणि हातोडी जवळ ओढून घेतली.

"पहिलं नाव. ओझेला पिंकनी."

हिरवा दिवा लागला. घड्याळावरचे आकडे उलटे धावू लागले.

"मी ओझेला पिंकनी. सायप्रस बॉटम. एकतीस वर्षं मी चौदा नंबरची बस चालवली."

काहीच आलं नाही.

असं होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं सगळ्यांना. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं. आडात बादली सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं त्यांचं झालं.

"त्या बसमध्ये... म्हणजे तेव्हा पोरं... तुमच्यापैकी काही..."

शब्द निसटायला लागले. पाठ केलेलं सगळं गेलं. त्या अभावितपणे मागे वळल्या. डीकन गॅड्सनांच्या दोन्ही गालांत दोन गोळ्या होत्या आणि डोळ्यांत पाणी. त्यांच्या शेजारी रेव्हरंडांचे ओठ आवाजाशिवाय हलत होते. ओझेलाबाईंनी ते शब्द वाचले. 'सांभाळ रे देवा तिला.' सात वर्षांच्या असल्यापासून हे शब्द त्यांनी दुसऱ्यांसाठी म्हटले होते. स्वतःसाठी कधी लागले नव्हते.

पाऊण मिनिट गेलं होतं.

त्या परत समोर वळल्या, आणि त्यांचा उजवा हात वर गेला. तळवा पुढे, बोटं जुळलेली.

वेंडल हार्गेटांचा पाण्याच्या पेल्याकडे निघालेला हात हवेतच थांबला. टेबलाच्या टोकाला कागद चाळणारा सदस्य थांबला. दाराशी टेकलेला डेप्युटी सरळ झाला. कॉफीच्या यंत्रापाशी कुजबुजणारे दोघं थांबले. त्या सभागृहात वर्षभर हातोडीला जमलं नव्हतं ते त्या हातानं केलं. कोपर्सविलमधली अर्धी जनता चौदा नंबरनं शाळेत गेली होती.

आकडे धावत होते. ओझेलाबाईंनी घाई केली नाही.

"वेंडल," त्या म्हणाल्या, "तू तिसऱ्या बाकावर बसायचास. खिडकीशी. सांग, फाटकापाशी मी हात का वर करायची?"

सदस्यांनी बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. तो वेंडलनीच लिहिला होता. पण त्या क्षणी तिथं अध्यक्ष नव्हता, सहा वर्षांचा एक पोरगा होता.

"गाडी येतेय का ते ऐकायला, मिस ओझेला."

बस्स! बादलीला पाणी लागलं. ओझेलाबाईंचे खांदे सैल झाले. जिथून आशा नव्हती तिथून झील मिळाली होती.

"मग ऐक आता. काय ऐकू येतंय?"

वेंडलनी खरंच ऐकलं. "काही नाही."

"काही नाही," ओझेलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता तो सूर आला, पण दबका, पाळण्याशी म्हणतात तसा. "उभी गाडी अशीच असते. धावती गाडी ओरडते, शिट्टी मारते, जमीन हलवते. उभी गाडी बोलत नाही. ती निघायच्या आधी कोणाला विचारत नाही. अठ्ठावीस ऑगस्टच्या सकाळी सात वाजता फाटकावर गाडी उभी होती. पलीकडे तुमची बस आलेली. माझी झारिया सात वर्षांची आहे. तिला शाळा चुकवायची नव्हती. तुम्हीच तिला पूर्ण हजेरीचं बक्षीस दिलंत ना मे महिन्यात? ती डब्यांच्या जोडाखालून वाकून निघाली. मी ओसरीवरून बघत होते. मी हात वर केला, वेंडल. पण माझ्याकडे बघणारं तिथं कोणी नव्हतं."

पिवळा दिवा लागला. तो कोणी पाहिला नाही.

"तिच्या दप्तराचा पट्टा अडकला. पोरगी शहाणी. तिनं पट्ट्यातून हात काढून घेतला आणि पलीकडे सरकली. ती खडीवरून उठतेय तोवर गाडीनं हिसका दिला. दप्तर दोन मैलांवर सापडलं. दप्तर सापडलं, वेंडल. ऐकतोयस ना?"

"हो, मिस ओझेला."

"मागच्या महिन्यात मी हेच सांगायला आले होते. मी रंगात आले आणि माझी तीन मिनिटं आमेनमध्ये गेली. ती चूक माझी, ती मी पदरात घेते. पण तुम्ही मला ऐकून न घेता बाहेर काढलंत, ती तुमची. एकतीस वर्षं मी तुम्हा पोरांना गप्प केलं, ते पुढून काय येतंय हे ऐकू यावं म्हणून. तुम्ही आम्हाला कशासाठी गप्प करता?"

त्यांनी हात खाली आणला.

तीन रांगांमध्ये पेपरमिंट विरघळत होतं. डीकन गॅड्सनांची मान लाल-काळी झाली होती, पण ओठ घट्ट. माउंट नेबोची यरीहोभोवतीची फेरी पुरी होत आली होती.

आणि मग आवाज झाला. खणखणीत, स्वच्छ.

"आमेन!"

वेंडलनी हातोडी उचलली आणि रांगांकडे पाहिलं. सगळे गाल फुगलेले, सगळी तोंडं बंद. मग त्यांनी हळूच आपल्या उजवीकडे पाहिलं.

मिसेस लॉर्ना बीसन. बोर्डाच्या सदस्या, गावच्या वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या चर्चमध्ये माणसं शिंकसुद्धा रुमालात दाबतात. सप्टेंबरात बंदीच्या बाजूनं पहिला हात त्यांचाच वर गेला होता.

"मिसेस बीसन," वेंडल पुटपुटले, "नियम..."

"नियम श्रोत्यांसाठी आहे, वेंडल. मी सदस्य आहे. स्वतः लिहिलेलं नीट वाचत जा. चाळीस वर्षं मी लोकांना शूऽऽ करत आले. आज मला एकदा बोलू दे." त्यांनी माईक जवळ ओढला. "माझा ठराव असा. उद्या सकाळपासून बस फाटक टाळून हर्लीच्या पुलावरून सायप्रस बॉटममध्ये जाईल आणि पोरांना त्यांच्या दारातून घेईल."

"चौदा मिनिटं जास्त लागतात," टेबलाच्या टोकावरून कुरकुर आली.

"तर मग चौदा मिनिटं आधी उठा," मिसेस बीसन म्हणाल्या.

हात वर गेले. सहा विरुद्ध एक. ओझेलाबाई माईकपाशीच उभ्या होत्या. त्यांना 'बसा' म्हणायचं कोणालाही सुचलं नव्हतं. वेंडल ठराव वाचायला लागले. "उद्या, बुधवारपासून, चौदा क्रमांकाची बस... हर्ली पुलामार्गे... सायप्रस..." तिथं त्यांचा आवाज अडकला. त्यांनी खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. पुढचा शब्द येईना.

तिसऱ्या रांगेत गोळी कडकन फुटल्याचा आवाज झाला.

"सांभाळ रे देवा त्याला," डीकन गॅड्सन म्हणाले.

रेव्हरंडांनी डोळे मिटले. डेप्युटी एकाएकी छताचं निरीक्षण करायला लागला.

वेंडलनी चष्मा काढून पुसला. "आभारी आहे, डीकन," ते म्हणाले, आणि उरलेला ठराव सुरळीत वाचून संपवला. मग हातोडी उचलली, एकदाच हलकेच मारली. "दहा मिनिटं विश्रांती. आणि नोंद घ्या, विश्रांतीत श्रोत्यांचा नियम लागू नाही."

रेव्हरंड टकर उभे राहिले. "मंडळी," ते म्हणाले, "आता!"

मग जे झालं त्यासाठी कोपर्सविलच्या शाळेचं छप्पर बांधलेलं नव्हतं. महिनाभर साठवलेला आमेन होता तो. डीकन गॅड्सननी पहिली ओळ टाकली, तीन रांगांनी ती उचलली, टाळ्या लागल्या, पाय लागले. झारिया बाकावर चढून नाचत होती. मिसेस बीसन टाळी एका मात्रेनं चुकवत होत्या आणि डीकनची बायको त्यांचा हात धरून त्यांना ठेका दाखवत होती. ओझेलाबाई मधोमध उभ्या राहून रडत होत्या आणि हसत होत्या, आणि आता त्यांना एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

गाणं ओसरलं तेव्हा वेंडल टेबलामागून उठून त्यांच्यापाशी आले. बालपणी बसमधून उतरताना यायचे तसेच, खाली मान घालून.

"मिस ओझेला, मिसेस बीसनच्या त्या आमेनला आमच्या माणसानं घड्याळ बंद केलं होतं. तुमची अजून बावीस सेकंदं उरलीयेत."

ओझेलाबाईंनी पर्स उघडली, एक पेपरमिंटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली.

"ती सेकंदं राहू दे तुझ्यापाशीच," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येते मी."